कवटीच्या तळाची गाठ: चिठ्ठीपासून रिपोर्टपर्यंत

नाक-कान-घशाच्या किंवा डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, चिठ्ठीवर 'स्कल बेस' (कवटीचा तळ) असं काहीतरी लिहिलं आणि सीटी किंवा एमआरआय करून आणायला सांगितलं. जिंतूर, वसमत, गेवराई, उदगीर, कुठूनही निघालात तरी पुढचे प्रश्न तेच असतात. स्कॅन नेमका कोणता करायचा, सोबत काय न्यायचं, आणि रिपोर्ट हातात आल्यावर त्यातून काय समजायचं? ही माहिती अशा घरांसाठी आहे. गावातल्या तुमच्या डॉक्टरांनाही दुसरी आणि सहावी पायरी जरूर दाखवा. चिठ्ठी नीट लिहिली गेली की निम्मं काम तिथंच होतं.

घराला जोतं असतं तसा मेंदूला कवटीचा तळ. पण हे जोतं सपाट नाही. पुढून मागे पायरीपायरीने खाली उतरणारे तीन खळगे आहेत: पुढचा नाक-डोळ्यांच्या वर, मधला कानाच्या पुढे आणि मागचा मानेच्या वर. या हाडाला जागोजागी भोकं आहेत. दिसणं, ऐकणं, चेहऱ्याची हालचाल, गिळणं, आवाज या सगळ्यांच्या नसा त्यातून बाहेर पडतात आणि मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मोठ्या धमन्याही याच हाडातून वर चढतात. इतक्या दाटीत हरभऱ्याएवढी गाठही त्रास देते. बरं, तिथं हात पोचत नाही, डोळ्यांनी दिसत नाही. दुर्बीण गेली तर नाकाच्या मागच्या भिंतीपर्यंत. म्हणून या भागाचं निदान बरंचसं स्कॅनवरच उभं राहतं, आणि स्कॅन जो प्रश्न विचारला त्याचंच उत्तर देतो.

आधी हे वाचा: यात तारीख घेऊन थांबायचं नाही

मधुमेहाचा पेशंट, एका बाजूचा गाल दुखतोय किंवा बधिर झालाय, डोळ्याभोवती सूज, नाकातून काळसर खपली किंवा रक्ताळ पाणी: ही काळी बुरशी असू शकते. २०२१च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर मराठवाड्यातल्या कितीतरी घरांनी ती पाहिली. ती करोनाबरोबर गेली असं समजू नका. साखर फार वाढलेल्या माणसाला ती आजही होते. यात तास मोजायचे असतात. सुरुवातीच्या सीटीत सायनसला नुसती थोडी सूज दिसते आणि हाड शाबूत असतं, कारण ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या वाटेने हाड न खाताच पुढे सरकू शकते. म्हणून 'सीटीत विशेष काही नाही' एवढ्यावर घरी परतू नका. नाकात दुर्बीण घालून तुकडा त्याच दिवशी तपासला गेला पाहिजे.

अचानक भयंकर डोकं उठलं, उलटी झाली आणि नजर कमी झाली किंवा पापणी पडली, तर मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीत रक्तस्राव झाला असण्याची शक्यता असते. ताप, मान ताठ आणि नाकातून पाणी असं एकत्र आलं तर मेंदूज्वराची शंका घ्यावी. दोन्ही वेळी थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जायचं.

पायरी १: त्रास नेमक्या शब्दांत लिहून काढा

'डोकं दुखतंय' एवढ्यावर कोणालाच काही कळत नाही. कोणती बाजू, कधीपासून, वाढतंय की तसंच आहे, हे घरीच वहीत लिहा. कोणती नस दबली यावरून गाठ कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो, म्हणून खालच्या गोष्टी मुद्दाम आठवून बघा.

- मोबाइल एका कानाला लावला की शब्द कळत नाहीत, दुसऱ्याला लावला की कळतात. सोबत कानात सतत आवाज, चालताना तोल जाणं.
- कानात नाडीच्या ठोक्याबरोबर धडधड ऐकू येणं. ही तक्रार वेगळी सांगा. ती रक्तवाहिन्यांनी भरलेल्या गाठीकडे किंवा वाहिनीच्याच दोषाकडे बोट दाखवते.
- एका बाजूला पाहिलं की एकाच्या दोन वस्तू दिसणं.
- समोरचं दिसतं पण दोन्ही बाजूंचं नाही. रस्ता ओलांडताना गाडी अचानक अंगावर आल्यासारखी वाटणं, दाराच्या चौकटीला खांदा लागणं.
- अर्ध्या चेहऱ्याला मुंग्या, आवाज घोगरा होणं, पाणी पिताना ठसका, जीभ बाहेर काढली की एका बाजूला वळणं.
- खाली वाकलं की एकाच नाकपुडीतून पाण्यासारखं टपटप गळणं. रुमालावर वाळल्यावर शेंबडासारखा कडकपणा येत नाही. एका स्वच्छ बाटलीत मिलीभर तरी गोळा करून न्या. ते मेंदूभोवतीचं पाणी आहे का हे तपासता येतं.

दोन त्रासांकडे आपल्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. एक, वयात येणाऱ्या मुलाचा घोळणा फुटणं. उन्हाळा कडक, त्यामुळे 'उष्णतेनं फुटला' म्हणून डोक्यावर पाणी मारून विषय संपतो. पण दर वेळी तीच नाकपुडी फुटते, तीच बंद राहते आणि रक्त पुष्कळ जातं, तर ती अँजिओफायब्रोमा नावाची गाठ असू शकते. ती कर्करोग नसते, पण रक्ताने गच्च भरलेली असते आणि हाडातून वाट काढत कवटीच्या तळाला भिडते. दुसरा त्रास, वयस्कर मधुमेही माणसाचा कान रात्री ठणकणं. थेंब घातले, गोळ्या झाल्या, महिना उलटला तरी झोपू देत नाही, मग चेहरा एका बाजूला वाकडा होतो. हा कानातून कवटीच्या हाडात गेलेला जंतुसंसर्ग असू शकतो.

पायरी २: चिठ्ठीवर काय लिहिलंय ते बघून घ्या

सगळ्यात जास्त पैसा आणि वेळ इथंच वाया जातो. 'सीटी ब्रेन प्लेन, डोकेदुखी' अशी चिठ्ठी गेली की सेंटरवर नेहमीचा मेंदूचा सीटी होतो. त्याचे काप साधारण ५ मिलिमीटर जाडीचे पाहिले जातात. मेंदूतला रक्तस्राव बघायला ते पुरतात, पण कवटीच्या तळातलं एखादं भोक जेमतेम २ मिलिमीटरचं असतं. वांग्याच्या जाड फोडी केल्या तर आतली कीड फोडीच्या पोटात लपून राहते, तसं होतं. रिपोर्ट 'नॉर्मल' येतो, माणूस निर्धास्त होतो आणि सहा महिने जातात.

चांगली चिठ्ठी तीन-चार ओळींचीच असते. तिच्यातला मजकूर असा हवा:

'वय ५२, पुरुष, मधुमेह १२ वर्षं. उजवा कान २ महिने ठणकतोय, १० दिवसांपासून चेहऱ्याची उजवी बाजू वाकडी. प्रश्न: उजव्या कानाच्या हाडात आणि कवटीच्या तळात संसर्ग पसरलाय का? क्रिएटिनिन १.१. पूर्वी शस्त्रक्रिया नाही. शरीरात धातू नाही.'

बाजू, मुदत, प्रश्न, किडनी (क्रिएटिनिन ही तिचीच रक्ततपासणी), धातू. या पाच गोष्टी आल्या की तंत्रज्ञ आणि रेडिऑलॉजिस्ट स्कॅनची आखणी त्याप्रमाणे करतात. सोबत डॉक्टरांकडून एवढं लिहून घ्या:

सीटी असेल तर: कवटीचा तळ किंवा कानाचं हाड, १ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ काप, हाडांसाठीची वेगळी मांडणी, आडवे-उभे-बाजूचे असे तिन्ही दिशांचे छेद.

एमआरआय असेल तर: कवटीचा तळ, ३ मिलिमीटर किंवा पातळ काप, कॉन्ट्रास्टसह (म्हणजे भाग उजळून दिसावा म्हणून शिरेतून औषध देऊन). कॉन्ट्रास्ट देण्याआधीचं टी-वन चित्र (एमआरआयचा एक प्रकार, यात चरबी पांढरी दिसते) चरबी न दाबता, म्हणजे तिची चमक न घालवता, आणि कॉन्ट्रास्टनंतरचं चरबी दाबून. हे शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण सहाव्या पायरीत त्याचं महत्त्व कळेल.

चिठ्ठीत फक्त 'एमआरआय ब्रेन' असेल तर भांडायची गरज नाही. 'साहेब, हा कवटीच्या तळासाठी करायचाय ना, तसं लिहून देता का?' एवढं विचारलं की काम होतं.

पायरी ३: सीटी की एमआरआय?

'एमआरआय मोठा, म्हणून तो केला की सीटीची गरज नाही' हा समज पक्का बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. सीटी हाड दाखवतो: कुठे पातळ झालं, कुठे खाल्लं गेलं, कुठे जाड झालं, भोक किती रुंदावलं. एमआरआय मऊ भाग दाखवतो: गाठ, नस, मेंदूचं आवरण, हाडाच्या आतला मगज. कवटीच्या तळाच्या गाठीत दोन्ही लागतात असंच बहुतेक वेळा होतं. डॉक्टरांनी दोन्ही सांगितले म्हणजे ते खर्च वाढवताहेत असं लगेच धरून चालू नका.

नाकातून पाणी गळत असेल, मार लागला असेल, हाडाचाच आजार वाटत असेल तर आधी सीटी. नस दबल्याची लक्षणं, एका कानाचा बहिरेपणा, पिट्यूटरीची शंका असेल तर आधी एमआरआय. डोक्याच्या एका साध्या सीटीत किरणोत्सर्ग साधारण २ मिलिसिव्हर्ट असतो. निसर्गातून माणसाला वर्षभरात जेवढा मिळतो जवळपास तेवढाच. मोठ्या माणसाला त्याची भीती बाळगायचं कारण नाही. मुलांचा सीटी मात्र विनाकारण पुन्हा पुन्हा करू नये, आणि दिवस गेले असतील किंवा तशी शंका असेल तर खोलीत जायच्या आधी सांगावं. एमआरआयमध्ये असे किरण नसतात.

सीटी-एमआरआयच्या पुढची तपासणी क्वचित लागते. अँजिओग्राफी रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी, तर पेट स्कॅन कर्करोग शरीरात आणखी कुठे आहे का हे बघायला. त्या आपणहून करून ठेवू नका.

सेंटर ठरवताना फोनवरच विचारा: एमआरआय मशीन किती टेस्लाचं (चुंबकाच्या ताकदीचं माप) आहे? १.५ किंवा ३ असावं. काही ठिकाणी चारी बाजूंनी उघडं, कमी ताकदीचं मशीन असतं. कंबर-गुडघ्याला ते चालून जातं, पण या कामाला नाही. त्यावर चरबी नीट दाबली जात नाही आणि पातळ काप धूसर येतात. मग विचारा, सांगितलेल्या रकमेत कॉन्ट्रास्टचं औषध आणि सीडी धरलेली आहे का. सेंटरवर गेल्यावर 'कॉन्ट्रास्टचे वेगळे' म्हटल्यावर बरेच जण साधाच करून परततात आणि महिन्याभरात पुन्हा तोच स्कॅन करावा लागतो.

संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं यांपैकी जे जवळ असेल तिथं आधी चौकशी करा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचा आजार आणि तपासणी बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला स्कॅनच्या आधी विचारायचं. खासगीत पैसे भरून झाल्यावर पावती घेऊन गेलं तर ते परत मिळतील अशी आशा धरू नका.

पायरी ४: पिशवीत काय हवं

- डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिची मोबाइलमध्ये काढलेली प्रत
- आधार, रेशन कार्ड, योजनेचं कार्ड असेल तर ते
- अलीकडचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असेल तर आठवडाभरातला
- आधीचे सगळे स्कॅन: फिल्म, रिपोर्ट आणि सीडी
- आधी तुकडा काढला असेल तर त्याचा रिपोर्ट
- आधीच्या शस्त्रक्रियेचं डिस्चार्ज कार्ड. शरीरात क्लिप, पट्टी, स्टेंट, पेसमेकर किंवा कानातलं यंत्र बसवलं असेल तर त्याचं कार्ड
- चालू गोळ्यांची पाकिटं. नावं आठवत बसण्यापेक्षा पाकीटच न्या
- कशाची ॲलर्जी आली होती का, पूर्वी कॉन्ट्रास्टनंतर अंगावर पुरळ किंवा धाप लागली होती का, दमा आहे का, हे लिहिलेला कागद
- पेशंटचं वजन

वजन का? कॉन्ट्रास्टची मात्रा वजनावर ठरते. एमआरआयला जे गॅडोलिनियम देतात ते नेहमीच्या द्रावणात किलोमागे ०.२ मिली, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिली. सीटीचं आयोडीनचं औषध वेगळं असतं आणि मात्राही जास्त असते. किडनीचं काम खूप कमी झालेलं असेल, म्हणजे ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) ३०च्या खाली, तर दोन्ही औषधांचा निर्णय डॉक्टरांनी विचार करूनच घ्यायचा. मधुमेहाची मेटफॉर्मिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. किडनी ठीक असेल तर सहसा बंद करावी लागत नाही. नसेल तर बंद कधी करायची आणि परत सुरू कधी, हे लिहून घ्या. सेंटरने ४ तास उपाशी यायला सांगितलं असेल तर सकाळची वेळ मागा, आणि उपाशीपोटी साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घ्यायचं का हे आदल्या दिवशी विचारा. गावाहून पहाटेच्या एसटीने निघालेला, इन्सुलिन घेतलेला, अकरा वाजेपर्यंत रांगेत उपाशी बसलेला पेशंट घाम फुटून चक्कर येऊन पडतो. खिशात साखरेची पुडी असू द्या.

पायरी ५: मशीनवर

एमआरआयच्या खोलीत मोठा चुंबक कायम चालू असतो. आपल्याकडे अंगावर धातू कुठे कुठे असतो याची यादी घरीच करा: मंगळसूत्र, जोडवी, चमकी, कानातली, केसांतल्या पिना, चांदीचा करदोटा, दंडातला ताईत, चुन्याची डबी, साडीची सेफ्टी पिन, काढता येणारी कवळी, श्रवणयंत्र. जोडवी बोटात घट्ट बसलेली असतात आणि ऐन वेळी निघत नाहीत. आदल्या रात्री तेल-साबण लावून काढून ठेवा. काजळ-सुरमा लावू नका, त्यातल्या धातूच्या कणांनी डोळ्याजवळचं चित्र बिघडतं. वेल्डिंग, ग्राइंडर किंवा दगड फोडण्याचं काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे न विचारताच सांगा. आधी डोळ्याचा एक्स-रे काढून मग आत घेतात.

कॉन्ट्रास्टसह एमआरआयला अर्धा ते पाऊण तास लागतो. आवाज मोठा येतो. कानात बोळे किंवा हेडफोन देतात, ते मागून घ्या. डोकं हलवायचं नाही. गिळणंसुद्धा आवाज थांबलेला असताना उरका, कारण या भागाचं चित्र गिळण्याने आणि खोकल्यानेच सगळ्यात जास्त खराब होतं. खोकला असेल तर आधी सांगा. बंद जागेची भीती वाटत असेल तरी आधी सांगा. अर्ध्यातून उठलं की नेमका कॉन्ट्रास्टनंतरचा, सगळ्यात महत्त्वाचा भाग राहून जातो. लहान मुलाला झोपेचं औषध लागतं. त्यासाठी भूलतज्ज्ञ असलेलं सेंटर हवं आणि वेळ वेगळी घ्यावी लागते.

सीटीच्या कॉन्ट्रास्टने अंगातून गरम लहर गेल्यासारखं आणि लघवी झाल्यासारखं वाटतं. ती होत नाही, आणि मिनिटभरात हे वाटणं जातं. हाताला सुईच्या जागी फुगून आग होऊ लागली, घसा दाटला, अंगाला खाज सुटली तर लगेच हाक मारा. नंतर अर्धा तास सेंटरवरच बसा.

पायरी ६: रिपोर्ट वाचताना

'लिजन' हा शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते. लिजन म्हणजे नेहमीपेक्षा वेगळं दिसलेलं काहीही. त्यात कर्करोग येतो, साधी गाठ येते, संसर्ग येतो, जन्मतः असलेला फरकही येतो. 'एन्हान्समेंट' म्हणजे कॉन्ट्रास्टनंतर तो भाग उजळला. सूज, संसर्ग, गाठ सगळंच उजळतं. खाली दोन-तीन आजारांची नावं 'शक्यता' म्हणून दिली असतील तर रिपोर्ट कच्चा आहे असं समजू नका. या जागी प्रामाणिक रिपोर्ट असाच येतो.

रेडिऑलॉजिस्ट चित्र पाहताना आधी जागा ठरवतात. मधोमध की बाजूला? मग हाडाचं काय झालं ते पाहतात. हाड गुळगुळीत रुंदावलं असेल तर गाठ सावकाश वाढलेली. कुरतडल्यासारखं असेल तर आक्रमक गाठ किंवा संसर्ग. जाड झालं असेल तर मेंदूच्या आवरणाची मेनिंजिओमा किंवा हाडाचाच आजार. या दोन गोष्टी जुळल्या की यादी बरीच आखूड होते.

पिट्यूटरीची गाठ हाडाची खोबण मोठी करत वर चढते आणि मध्ये आवळल्यासारखी, इंग्रजी आठच्या आकड्यागत दिसते. १० मिलिमीटरच्या वर गेली की तिला मोठी म्हणतात. ऐकण्याच्या नसेवरची श्वानोमा आतल्या कानाची नळी रुंद करते आणि बाहेर गोळा होते, कोनात भरलेल्या आइस्क्रीमसारखी. कॉर्डोमा मधोमधच्या हाडात असते, हाड खाते आणि टी-टू या एमआरआयच्या दुसऱ्या प्रकारच्या चित्रात लख्ख पांढरी दिसते. तिच्यासारखीच दिसणारी कॉन्ड्रोसार्कोमा बहुधा थोडी बाजूला, दोन हाडांच्या सांध्यात असते आणि सीटीत तिच्यात कडी-कमानींसारखा चुना दिसतो. दोघींच्या पुढच्या वाटचालीत फरक असतो, म्हणून सीटी हवाच. घोळणा फुटणाऱ्या मुलाच्या अँजिओफायब्रोमात गालाच्या सायनसची मागची भिंत पुढे ढकलली गेलेली असते. कानामागच्या ग्लोमस गाठीत एमआरआयवर मीठ-मिरी भुरभुरल्यासारखं दिसतं. काळे ठिपके म्हणजे वाहतं रक्त.

आता ते चरबी दाबण्याचं. एमआरआयच्या फिल्ममध्ये डोकं मधोमध उभं चिरल्यासारखं चित्र शोधा, टी-वन लिहिलेलं. नाकाच्या मागे आणि मेंदूच्या देठाच्या पुढे एक तिरकं, पाचरीसारखं हाड दिसेल. त्याचं नाव क्लायव्हस. मोठ्या माणसात या हाडाच्या मगजात चरबी असते, म्हणून ती पाचर पांढरी दिसायला हवी. ती करडी किंवा काळपट दिसली की चरबीची जागा दुसऱ्या कशाने तरी घेतली आहे. सीटीत हाड शाबूत दिसत असतानाही हे आधी कळतं, कारण हाडातला चुना बराच कमी झाल्याशिवाय सीटीत फरक दिसत नाही. चरबी दाबून काढलेल्या चित्रात मात्र ही निरोगी पांढरी पाचरही काळी होते, म्हणून कॉन्ट्रास्टआधीचं साधं टी-वन हवं. उलट कॉन्ट्रास्टनंतर गाठही पांढरी आणि चरबीही पांढरी, म्हणजे पांढऱ्यात पांढरं हरवतं, म्हणून तेव्हा चरबी दाबायची. लहान मुलांत आणि रक्त फार कमी असलेल्या माणसात ही पाचर मुळातच काळपट असू शकते. हिमोग्लोबिनचा रिपोर्ट सोबत ठेवायचं हे एक कारण.

फसवणाऱ्या गोष्टी तीन आहेत आणि तिन्ही नेहमी भेटतात.

पहिली, दोन्ही बाजूंचं सारखं नसणं. कानाच्या हाडाच्या आतल्या टोकात एका बाजूला हवा आणि दुसऱ्या बाजूला चरबी असू शकते. ती चरबी टी-वनवर चमकते आणि गाठ वाटते. चरबी दाबली की नाहीशी होते. याला हात लावायचा नसतो.

दुसरी, फायब्रस डिस्प्लेशिया. हाडाचा सौम्य आजार, पण एमआरआयवर रूप असं भयानक की कर्करोगाची शंका यावी. सीटीत तेच हाड दुधी काचेसारखं एकसारखं दिसतं आणि प्रश्न मिटतो. फक्त एमआरआयवर तुकडा काढायला निघालेल्या पेशंटला सीटी वाचवतो.

तिसरी, मधुमेहातला हाडाचा संसर्ग आणि नाकामागचा कर्करोग. स्कॅनवर दोन्ही हुबेहूब दिसू शकतात: हाड काळपट, भोवती मऊ भाग भरलेला, नसा दबलेल्या. एकाला कित्येक आठवडे प्रतिजैविकं लागतात, दुसऱ्याला किरणोपचार. आपल्याकडे क्षयरोगही या यादीत धरावाच लागतो. इथं चित्र बघून पैज लावायची नाही.

पायरी ७: तुकडा काढायच्या आधी

'तुकडा काढला की गाठ पसरते' या भीतीने लोक बायोप्सी टाळतात. वरच्या तिसऱ्या प्रकारात ती टाळली तर चुकीचा उपचार महिनोन्महिने चालतो. पण काही गाठींत स्कॅनच्या आधी तुकडा काढणं खरोखर धोक्याचं आहे. अँजिओफायब्रोमाला ओपीडीत चिमटा लावला तर रक्त थांबता थांबत नाही. तिची शस्त्रक्रियासुद्धा बहुधा रक्तवाहिन्या आतून बंद करून, त्यानंतर एक ते तीन दिवसांत करतात. लहान मुलाच्या नाकातला गोळा मेंदूच्या आवरणाची खाली उतरलेली पिशवी असू शकते. तिला टोचलं तर पाणी गळतं आणि मेंदूज्वर होतो. तेव्हा नाकातून डोकावणाऱ्या एकतर्फी गाठीचा आधी स्कॅन, मग तुकडा. तुकडा काढलाच तर त्याचा अर्धा भाग सलाइनमध्ये जंतू, बुरशी आणि क्षयाच्या तपासणीला जातोय ना, हे विचारा. सगळा फॉर्मेलिनमध्ये बुडवला तर कल्चर (जंतू वाढवून ओळखणं) होत नाही.

पिट्यूटरीच्या गाठीत चाकूआधी रक्तातलं प्रोलॅक्टिन हे हार्मोन बघायलाच हवं. ते खूप वाढलेलं निघालं तर गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आक्रसते.

पायरी ८: सीडी जपा आणि पुढे न्या

पुढचा सल्ला घ्यायला कोणी हैदराबादला जातं, कोणी सोलापूर-पुण्याला, कोणी देवगिरी पकडून मुंबईला. तिथले डॉक्टर फिल्मवर समाधान मानत नाहीत. फिल्मवर शेकडो कापांतले निवडक छापलेले असतात. सीडीत सगळे असतात आणि ते हव्या त्या दिशेने फिरवून पाहता येतात. सेंटर सोडण्याआधी सीडी तिथल्याच संगणकावर उघडून बघा: पेशंटचं नाव बरोबर आहे का, सीटीतले पातळ काप आलेत का. सेंटरवर जुना साठा किती दिवस राहील याचा भरवसा नसतो, म्हणून त्याच आठवड्यात पेन ड्राइव्हवर दुसरी प्रत करा. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फिल्मच्या फोटोवरून कोणी निदान देत असेल तर ते घेऊ नका. फोटोत करडी पाचर आणि पांढरी पाचर सारखीच दिसते.

पुढचे स्कॅन शक्यतो त्याच प्रकारच्या मशीनवर, त्याच आखणीने करा. लहान श्वानोमा नुसती नजरेखाली ठेवायची असेल तर पहिला एमआरआय बहुधा सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा सांगतात. शस्त्रक्रियेनंतर भोक बुजवायला नाकातून आणलेला पापुद्रा कॉन्ट्रास्टने उजळतो. तो म्हणजे उरलेली गाठ नव्हे. म्हणून नंतरच्या तुलनेसाठी बहुधा तीन महिन्यांच्या सुमाराचा एमआरआय पाया धरतात. हाडाच्या संसर्गात दुखणं थांबल्यावरही एमआरआय कित्येक महिने बिघडलेलाच दिसतो. औषध कधी थांबवायचं ते ईएसआर, सीआरपी (अंगातली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) आणि तब्येत बघून ठरतं, नुसत्या चित्रावरून नाही.

वहीत प्रत्येक स्कॅनसाठी एक ओळ ठेवा: तारीख, सेंटर, मशीन किती टेस्लाचं, कॉन्ट्रास्ट दिलं का, गाठीची तिन्ही दिशांची मापं, त्या दिवशीचं क्रिएटिनिन. मापातला एक-दोन मिलिमीटरचा फरक कापाच्या कोनामुळेही येतो, तेव्हा नवा स्कॅन दाखवायला नेताना सगळ्यात पहिली सीडी सोबत घ्या आणि तुलना तिच्याशीच करून मागा.